आत्महत्येने माणूस गेल्यावर आधार कुठे, कसा आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

माझा धाकटा भाऊ आत्महत्येने गेला. त्यानंतर दुःख होतंच, पण त्याच्या जोडीने गोंधळही तेवढाच होता. लोकांना काय सांगायचं, कोणता कागद कुणाकडून आणायचा, आईला एकटं ठेवायचं की नाही, काउन्सेलरकडे जायचं तर कधी आणि कोणत्या. माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळायची आणि बऱ्याचदा गरज उलटून गेल्यावर. म्हणून गरज ज्या क्रमाने पडते त्याच क्रमाने हे लिहिलं आहे.

सगळं एका बैठकीत वाचू नका. पहिलाच आठवडा असेल तर पहिले तीन मुद्दे पुरेत. आणि आत्ता, या घडीला, आपणही त्याच्यामागे जावं असं मनात येत असेल तर थेट दुसरा मुद्दा उघडा.

आधी एकच सांगते. हा सगळा आधार एकाच माणसाकडून मिळत नाही, आणि तो एकाकडूनच मिळावा असा हट्ट धरला की ते नातंही थकतं. रात्री दोन वाजता फोन उचलणारी मैत्रीण वेगळी, बँकेच्या रांगेत उभा राहणारा चुलतभाऊ वेगळा, मुलांना दोन तास सांभाळणारी शेजारीण वेगळी. जिच्यापाशी रडता येतं तिच्या गळ्यात फॉर्म घालू नका. जो धावपळ करतो त्याला शब्द सापडत नाहीत म्हणून रागावू नका.

आणि हे सगळं फक्त आईवडील, नवराबायको, भावंडांसाठी नाही. एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पूर्वी असा अंदाज मांडला होता की एका आत्महत्येमागे साधारण सहा माणसं होरपळतात. पुढे जुली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मोजलं तेव्हा गेलेल्या माणसाला ओळखणाऱ्यांचा आकडा माणशी १३५ निघाला. सगळ्यांना सारखीच झळ बसते असं नाही. पण तुम्ही मित्र असाल, ऑफिसातले सहकारी असाल, शिक्षक असाल, पूर्वीचे जोडीदार असाल, तर ‘माझा काय हक्क’ म्हणून मागे राहू नका.

१. पुढे एक माणूस उभा करा

पहिले काही दिवस डोकं चालत नाही. समोरचा काय म्हणतो ते कानावर पडतं, आत उतरत नाही. जेवलो की नाही ते आठवत नाही. कुणी हसतं, कुणी दगडासारखं बसून राहतं. धक्क्यात असंच होतं, वेड लागत नाही.

म्हणून घरच्यांच्या वतीने बोलणारा एक माणूस ठरवा. तो घरातल्या गोष्टी माहीत असण्याइतका जवळचा हवा आणि स्वतःला सावरू शकेल इतका लांबचा. मेहुणा, मावसबहीण, जुना मित्र, कुणीही. त्याच्यावर कामं नाव घेऊन सोपवा:

- येणारे फोन घेणं आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगणं (ते वाक्य चौथ्या मुद्द्यात आहे)
- पोलिस आणि हॉस्पिटल यांच्याशी बोलताना सोबत थांबणं
- एका वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोणता कागद दिला, कोणता घेतला हे टिपणं
- भेटायला येणाऱ्यांना वेळ देणं, आणि गरज पडली तर दारातूनच परत पाठवणं

‘काही लागलं तर सांग’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना खरंच मदत करायची असते, काय करावं ते सुचत नसतं. ‘उद्या चार वाजता मुलीला शाळेतून आणशील?’ असं विचारा. एवढं नेमकं मागितलं की माणसं आनंदाने करतात.

दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून लिहिते. एक, ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्या माणसाकडे वेगळं लक्ष द्या. त्याला दुःखाबरोबर ते दृश्यही सोसायचं असतं. त्याच्याकडून ती हकिगत येणाऱ्याजाणाऱ्यासमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. दुसरी, जिथे घडलं ती जागा साफ करण्याचं काम घरच्यांनी अंगावर घेऊ नये. पोलिसांची परवानगी मिळाली की ते दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. शेवटचं दर्शन घ्यायचं की नाही हेही ज्याचं त्याने ठरवायचं. ज्याने आधी पाहिलं आहे त्याला ‘काय दिसेल ते आधी सांग’ असं विचारून मग ठरवता येतं. जबरदस्ती दोन्ही बाजूंनी नको.

२. स्वतःच्या जिवाला जपा

हे सांगताना अवघड वाटतं, पण गाळता येणार नाही. जवळचा माणूस आत्महत्येने गेला की मागे राहिलेल्यांच्या मनातही तसे विचार येण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळचं माणूस गमावलेल्या ३,४३२ तरुणांना विचारलं होतं. ज्यांचं माणूस आत्महत्येने गेलं त्यांच्यात स्वतः प्रयत्न करण्याची शक्यता, नैसर्गिक मृत्यूचं दुःख असणाऱ्यांपेक्षा ६५ टक्के जास्त आढळली. बहुसंख्य लोक यातून बाहेर येतात, हे याच्या शेजारीच लिहायला हवं. तरीही सावध राहायला हवं.

‘आता जगण्यात काय उरलं’ असं वाटणं आणि कसं जायचं ते ठरवू लागणं यात फरक आहे. पहिलं खूप जणांना वाटतं आणि ते कुणाजवळ तरी बोलायला हवं. दुसरं घडत असेल, वस्तू वाटून टाकाव्या असं वाटत असेल, निरोपाचे मेसेज लिहिले जात असतील, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढत असतील, अनेक रात्री झोपच नसेल, तर आजच डॉक्टर गाठा आणि तोपर्यंत एकटं राहू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं आणि तत्सम धोक्याच्या वस्तू काही महिने दुसऱ्याच्या ताब्यात द्या. घरातल्या कुणाबद्दल शंका असेल तर थेट विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणूस बहुतेकदा सुटकेचा श्वास टाकतो.

हेल्पलाइनला फोन करायला स्वतः मरणाच्या दारात असावं लागत नाही. ‘माझं माणूस गेलं, मला बोलायचं आहे’ एवढं कारण पुरतं. भारतात टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्सचा नंबर ११६ १२३, अमेरिकेत ९८८, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४. इतर देशांत असाल तर बिफ्रेंडर्स वर्ल्डवाइड किंवा फाइंड अ हेल्पलाइन या ठिकाणी देशानुसार यादी मिळते. एका ठिकाणी फोन लागला नाही किंवा बोलणाऱ्याशी सूर जुळला नाही तर दुसरीकडे लावा. एका थंड आवाजावरून सगळ्या हेल्पलाइन निरुपयोगी ठरवू नका.

३. पोलिस, पोस्टमॉर्टेम आणि कागद

आत्महत्येचा मृत्यू अनैसर्गिक धरला जातो, म्हणून जवळपास सगळीकडे चौकशी होते. जबाब घेतले जातात, घरातल्या वस्तू ताब्यात घेतल्या जातात, ‘घरात भांडण होतं का’ असं विचारलं जातं. त्या अवस्थेत हा आरोप वाटतो. बहुतेक वेळा ती ठरलेली प्रश्नावली असते. उत्तरं खरी आणि थोडक्यात द्या. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, अंदाज बांधू नका. जबाबावर सही करण्याआधी तो वाचा किंवा वाचून घ्या.

चिठ्ठी सापडली असेल तर मूळ प्रत पोलिसांकडे जाते. देण्याआधी फोटो काढून ठेवायची परवानगी मागा आणि चौकशी संपल्यावर मूळ परत मिळण्यासाठी अर्ज कसा करायचा तेही विचारून ठेवा. कुणाला ती लगेच वाचावीशी वाटते, कुणाला वर्षभर नको असते. दोन्ही चालतं.

सोबत हे कागद जमवत जा:

- मृत्यूचा दाखला, एकाऐवजी बऱ्याच प्रमाणित प्रती (प्रत्येक ठिकाणी मूळ मागतात)
- पोस्टमॉर्टेमचा अहवाल
- पोलिसांच्या नोंदीची प्रत किंवा निदान नोंद क्रमांक, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव
- गेलेल्या व्यक्तीचं आणि अर्ज करणाऱ्याचं ओळखपत्र
- नातं दाखवणारा कागद: विवाह नोंदणी, जन्मदाखला, वारस असल्याचा दाखला
- बँक, विमा, नोकरी, भविष्य निर्वाह निधी यांचे तपशील आणि नॉमिनीची नावं
- उपचार चालू असतील तर त्यांची कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्यांसकट

पोस्टमॉर्टेमचा अहवाल घरातल्या सगळ्यांनी वाचायची गरज नाही. एकाने घ्यावा, ओळखीच्या डॉक्टरकडून समजून घ्यावा आणि ज्याने विचारलं त्याला हवं तेवढंच सांगावं. त्या भाषेतले शब्द डोक्यातून जात नाहीत.

आता इथल्या खाचाखोचा. ‘आत्महत्येत विमा मिळतच नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबून पॉलिसी कचऱ्यात टाकू नका. आयुर्विम्यात साधारणपणे सुरुवातीच्या ठरावीक काळापुरतीच ती अट असते: भारतात पहिले १२ महिने, अमेरिकेत बहुतेकदा दोन वर्षं. त्यानंतरचा दावा केवळ आत्महत्या आहे म्हणून नाकारता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असेल तर मुदत त्या तारखेपासून मोजली जाऊ शकते, म्हणून तारखा नीट पाहा.

दुसरी खाच कर्जाची. वसुलीवाले दारात आले म्हणून त्या धक्क्यात कशावरही सही करू नका, ‘मी फेडतो’ असं तोंडी किंवा मेसेजवर कबूल करू नका. आधी वकिलाला दाखवा. सहकर्जदार किंवा जामीन नसताना नातेवाइकाची जबाबदारी किती हे तुमच्या भावनेवर नव्हे, कायद्यावर ठरतं.

तिसरी फोनची. मोबाइल नंबर घाईने बंद करू नका. निम्म्या खात्यांचे ओटीपी त्यावर येतात आणि फोटो, आवाजाचे मेसेज त्यातच असतात. फेसबुकवर प्रोफाइल स्मृतिखातं म्हणून ठेवता येतं. ॲपल आणि गुगल दोघांकडे वारसाला काही माहिती मिळवून देण्याची रीतसर पद्धत आहे, ती मृत्यूचा दाखला लागतो त्या कामांच्या यादीत घालून टाका.

४. लोकांना काय सांगायचं

एक वाक्य ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. माझ्या मते ते खरं असावं. ‘हार्ट अटॅक’ सांगितलं की त्या वाक्याची राखण आयुष्यभर करावी लागते, आणि मोकळेपणाने रडायची जागाही हातची जाते. पण खरं म्हणजे सगळं नव्हे.

‘तो आत्महत्येने गेला. आम्हाला अजून सगळं कळलेलं नाही आणि तपशिलात बोलायची ताकद नाही. तुम्ही आलात ते बरं वाटलं.’

एवढं पुरे. पुढे कुणी ‘कसं केलं? कुठे? कारण काय होतं?’ म्हणून खोदत राहिलं तर ‘त्यावर मी बोलणार नाही’ म्हणून विषय बदला. हा उद्धटपणा नाही. कसं घडलं त्याचे तपशील पसरू न देण्यामागे एक कारणही आहे: ते वाचून-ऐकून आधीच अडचणीत असलेल्या दुसऱ्या कुणाला धोका होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना हेच सांगते, की पद्धत आणि जागा यांचं वर्णन करू नका, एकच सोपं कारण चिकटवू नका. बातमीदार आला तर बोलायचं बंधन नाही. फोटो द्यायचंही नाही.

वाईट बोलणारे निघतातच. ‘भित्रा होता’, ‘तुमचं लक्ष नव्हतं का?’ त्यांना पटवत बसू नका. ताकद आता मोजकीच आहे, ती तिथे वाया घालवू नका.

ऑफिसात एका वरिष्ठाला किंवा एचआरला खरं सांगून ठेवलं तर रजा, कामाचा भार आणि सहकाऱ्यांचे प्रश्न हे तिन्ही सोपं होतं. परतायच्या आदल्या दिवशी त्यांनीच टीमला दोन ओळी कळवाव्यात.

५. मुलांना खरं सांगा, लवकर सांगा, थोडं थोडं सांगा

या बाबतीत मी फार ठाम आहे. मुलं लहान आहेत म्हणून लपवलं तर ती कधीतरी शाळेच्या बसमध्ये, कुणाच्या तरी तोंडून, वाईट शब्दांत ऐकतात. मग माणूस गेल्याच्या दुःखात घरच्यांनी फसवल्याची भर पडते.

सांगणारं माणूस त्यांच्या रोजच्या विश्वासातलं हवं. जागा ओळखीची हवी. वाक्यं छोटी हवीत. ‘काका वारला. त्याचं शरीर आता काम करत नाही, तो परत येणार नाही. त्याच्या मनाला खूप मोठा त्रास होत होता, इतका की त्याला नीट विचार करता येईना, आणि त्याने स्वतःचा जीव घेतला.’ ‘झोपला आहे’ किंवा ‘लांब गेला आहे’ असं म्हणू नका. लहान मुलं शब्दशः घेतात. मग झोपायला घाबरतात किंवा दाराकडे डोळे लावून बसतात.

त्यानंतर मुलांच्या मनात बहुधा तीन प्रश्न असतात, विचारोत की न विचारोत. माझ्यामुळे झालं का? मलाही असं होईल का? आता माझं कोण करणार? विचारण्याची वाट न पाहता उत्तरं द्या. ‘तू रागावलास, तू हट्ट केलास, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.’ ‘हा त्रास सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुला कधी खूप वाईट वाटलं तर आपण मदत घेऊ.’ ‘शाळा, जेवण, झोप सगळं नेहमीसारखं असेल, आणि हे हे लोक तुझ्याजवळ आहेत.’

मूल दहा मिनिटं रडेल आणि मग खेळायला जाईल. त्याला दुःख नाही असं समजू नका. मुलं तुकड्यातुकड्यांनी शोक करतात. तोच प्रश्न महिन्याने पुन्हा येईल, वय वाढलं की नव्याने येईल, आणि दर वेळी थोडं जास्त खरं सांगावं लागेल. पद्धतीबद्दल विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या, वर्णन नको. वर्गशिक्षकांना कळवून ठेवा. किशोरवयीन मुलं घरात बोलत नसतील तर त्यांना मामा, आत्या, प्रशिक्षक असा घराबाहेरचा एक कान शोधून द्या, आणि त्यांचा मोबाइल आणि मित्रमंडळ यांच्याकडे जरा लक्ष ठेवा. गेलेल्या मित्राच्या मागोमाग जायचा विचार या वयात चटकन शिरतो.

६. ‘का?’ या प्रश्नाबरोबर काय करायचं

आजाराने किंवा अपघाताने माणूस गेला की दुःख असतं. इथे त्याबरोबर चौकशीही असते, आणि ती तुम्ही स्वतःचीच चालवता. शेवटचा फोन, न उचललेला फोन, त्या दिवशीचं बोलणं. प्रत्येक गोष्ट पुरावा होऊन बसते. आज तुम्हाला शेवट माहीत आहे, म्हणून मागच्या सगळ्या खुणा ठळक दिसतात. तेव्हा त्या तशा नव्हत्या. त्याच चिडचिडीत, त्याच गप्प बसण्यात दुसरे शंभर अर्थ होते.

चिठ्ठीत उत्तर असेल असं वाटतं. पण आत्महत्या करणारे बरेचजण चिठ्ठी ठेवतच नाहीत, आणि ठेवली तरी ती त्या शेवटच्या तासाच्या मनःस्थितीतली असते. आख्ख्या आयुष्याचा निकाल तीत शोधू नका. लॉस एंजेलिसमध्ये १९५० च्या दशकाअखेर श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी संशयास्पद मृत्यूंमागचं मन समजून घ्यायला ‘मानसिक शवचिकित्सा’ नावाची पद्धत बसवली. नातेवाईक, मित्र, डॉक्टर सगळ्यांच्या मुलाखती, सगळी कागदपत्रं. एवढं करूनही हातात येतं ते ‘बहुधा असं असावं’ एवढंच. तज्ज्ञांना जे पूर्ण उलगडत नाही ते तुम्हाला रात्री तीन वाजता छताकडे बघत उलगडणार नाही.

म्हणून हा प्रश्न दाबू नका, पण त्याला ठरावीक वेळ द्या. मला वहीचा उपयोग झाला: संध्याकाळी अर्धा तास, जे मनात येईल ते लिहायचं, मग बंद. त्याच्या डॉक्टरला किंवा काउन्सेलरला भेटून विचारावंसं वाटत असेल तर जरूर विचारा. गोपनीयतेमुळे ते सगळं सांगणार नाहीत, पण आजार कसा असतो ते सांगू शकतात. आणि एक लक्षात ठेवा, आत्महत्येला सहसा एकच कारण नसतं. परीक्षा, कर्ज, भांडण ही शेवटची गोष्ट दिसते. तिच्या मागे आजार, जुन्या जखमा, झोप, व्यसन, एकटेपणा, हाताशी असलेली साधनं असं बरंच काही साचलेलं असतं. एका माणसाच्या एका वाक्यात ते सगळं बसत नाही, मग ते वाक्य तुमचं का असेना.

राग येईल. ‘असं सोडून कसा गेलास’ हा राग प्रेमाच्या विरुद्ध नाही. सुटका वाटेल, विशेषतः वर्षानुवर्षं आजारपण किंवा धमक्या सोसल्या असतील तर. ती लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, पण कुठेही बोलता येत नाही. त्यासाठीच पुढचा मुद्दा.

७. आधारगट: सारखं सोसलेल्या माणसांची बैठक

माझ्या मते आधाराच्या सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात उपयोगी, आणि याच्याकडे जायला सगळ्यात उशीर होतो. इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

शोधताना ‘आत्महत्येनंतरचा शोक’, ‘सुसाइड लॉस सपोर्ट ग्रुप’, ‘पोस्टव्हेन्शन’ (म्हणजे आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांना दिला जाणारा आधार) हे शब्द वापरून बघा. अमेरिकन फाउंडेशन फॉर सुसाइड प्रिव्हेन्शनकडे गटांची यादी आहे. ब्रिटनमध्ये सर्व्हायव्हर्स ऑफ बिरीव्हमेंट बाय सुसाइड, ऑस्ट्रेलियात स्टँडबाय या संस्था हेच काम करतात. मूल गमावलेल्या पालकांसाठी द कम्पॅशनेट फ्रेंड्स ही १९६९ पासूनची संस्था आहे. अलायन्स ऑफ होप ऑनलाइन चालतं, त्यामुळे देशाचं बंधन नाही. तुमच्या भाषेत काहीच सापडलं नाही तर हेल्पलाइनवर, मानसोपचार विभागाच्या समाजसेवकाकडे किंवा सर्वसाधारण शोकगटात विचारा. तेही नसेल तर दोन घरांची बैठकही चालते.

गटात जाण्याआधी फोन करून विचारा: चालवणारा कोण आहे, त्याला प्रशिक्षण आहे का? नवा माणूस नुसता ऐकत बसला तर चालतं का? कोणी संकटात दिसलं तर काय करतात? बाहेर बोलायचं नाही हा नियम आहे का? पैसे मागतात का? कुठे आत्महत्येच्या पद्धतीची चर्चा रंगते, कुठे ठरावीक औषध, ठरावीक गुरू किंवा कोर्स गळ्यात मारतात, कुठे मृताशी संपर्क करून देतो म्हणतात. तिथून उठून या, निरोपही देऊ नका.

पहिली बैठक बहुतेकांना जड जाते. इतरांच्या कहाण्या सोबत घरी येतात. त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. दोन-तीन बैठकांनंतर जमत नसेल तर दुसरा गट पाहा. अगदी ताजं दुःख असताना गट काहींना झेपत नाही. त्यांनी आधी एकट्याने काउन्सेलर गाठावा.

८. काउन्सेलर किंवा मानसोपचारतज्ज्ञ निवडताना

प्रत्येकाला थेरपी लागतेच असं नाही. पण ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, त्या खोलीत किंवा त्या रस्त्याने जाता येत नसेल, आवाजाने दचकायला होत असेल, तर वाट पाहू नका. हे आघाताचं लक्षण आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. दुसरं, बराच काळ लोटल्यावरही ओढ आणि वेदना रोजचीच, पहिल्या दिवसासारखीच असेल, कामधाम थांबलेलं असेल, तर त्याला आता दीर्घ शोकविकार असं निदान आहे. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिने आणि डीएसएम-५-टीआर या अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत मोठ्यांसाठी १२ महिने असा काळ धरला आहे. हे निदान फक्त तज्ज्ञाने करायचं. त्याआधीचं तीव्र दुःख आजार नव्हे.

पहिल्या भेटीत हे विचारा: आत्महत्येने माणूस गमावलेल्यांबरोबर तुम्ही काम केलं आहे का? शोकासाठी आणि आघातासाठी कोणती पद्धत वापरता? किती दिवसांनी आढावा घ्याल? रात्री अडचण आली तर काय करायचं? ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत तो तुमच्यासाठी नाही. ‘विसरा आता’, ‘शोकाचे पाच टप्पे असतात, तुम्ही तिसऱ्यात आहात’ असं सांगणाऱ्यापासूनही जरा सावध. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले टप्पे मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून आले होते, आणि दुःख त्या क्रमाने चालत नाही.

औषधं डॉक्टरांनीच ठरवायची. नातेवाइकाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका.

९. एकाच घरात, वेगवेगळ्या वाटा

आई दिवसभर त्याच्याबद्दल बोलते, वडील त्याचं नाव घेतलं की उठून जातात. मग एक म्हणतो ‘तुला काहीच वाटत नाही’, दुसरा म्हणतो ‘तू बाहेरच येत नाहीस’. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार मला इथे उपयोगी पडला. शोक करणारा माणूस दोन टोकांत येजा करतो: एकदा गेलेल्याकडे, एकदा जगण्याच्या कामांकडे. ही येजाच निरोगी आहे. घरात एक जण एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला असेल तर कुणीच चुकत नसतं.

वस्तू टाकायच्या, वाटायच्या की ठेवायच्या यावरून घरं फुटतात. काही महिने काहीच टाकायचं नाही एवढाच नियम करा. दोषारोपाचं बोलणं काउन्सेलरसमोरच करायचं, जेवताना नाही.

१०. तारखा, आणि मागून येणाऱ्यांसाठी

वाढदिवस, वर्षपूर्ती, त्याच्या बॅचचा निकाल, कधीकधी नुसता तो वार. अशा दिवसाच्या आधीचे आठ दिवस जास्त जड असतात, म्हणून बेत आधीच करा. सोबत कोण, कुठे, किती वेळ, आणि नकोसं झालं तर निघून यायची सोय. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आत्महत्येने माणूस गमावलेल्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. १९९९ मध्ये सिनेटर हॅरी रीड यांनी अमेरिकी सिनेटमध्ये त्याचा ठराव आणला. त्यांचे वडील आत्महत्येने गेले होते. त्या दिवशी बऱ्याच देशांत कार्यक्रम होतात, घरबसल्याही सहभागी होता येतं.

काही काळाने ‘आपणही कुणाला मदत करावी’ असं वाटू लागतं. घाई करू नका. आधी गटाच्या चालकाला विचारा, संस्थेचं प्रशिक्षण घ्या, आणि सुरुवात नवख्यांना बैठकीची जागा दाखवणं, वेळ कळवणं, फोनवर ‘नुसतं येऊन बसलात तरी चालेल’ असं सांगणं इथपासून करा. स्वतःची वर्षपूर्ती असलेला महिना त्यातून मोकळा ठेवा.